वतन, बदली, कंत्राट

‘पुढं काय व्हायचं ठरवलंस?’ हा प्रश्न आता आपल्या वस्तीत सर्रास ऐकू येतो. बारावी झालेल्या पोराला मामा विचारतो, मास्तर विचारतो, जयंतीच्या सत्काराला आलेला पुढारी तर माईक हातात धरून विचारतो. पोरगं गप्प बसलं की म्हणतात, आजकालच्या पोरांना ध्येयच नाही.

मला या प्रश्नाचाच इतिहास लिहायचा आहे. कारण तो आपल्यात फार जुना नाही. आपल्या पणज्याला तो कुणी विचारला नाही. विचारायचं कारणही नव्हतं. त्याचं काम तो जन्मायच्या आधी ठरलेलं होतं. त्याच्या पोराला गिरणीच्या गेटवर जो प्रश्न विचारला गेला तो ‘काय व्हायचंय’ असा नव्हता, ‘कुठल्या जातीचा’ असा होता.

कामाची निवड ही मनाची गोष्ट आहे असं पांढरपेशे धरून चालतात. आवड असली, हुशारी असली की माणूस हवं ते काम निवडतो म्हणे. मला इतिहास वाचताना वेगळंच दिसलं. ज्याच्या घरात चार महिने चूल पेटेल एवढं काहीतरी आहे तो थांबू शकतो. जो थांबू शकतो तो निवडू शकतो. ज्याला आज संध्याकाळचं पीठ आणायचंय त्याला पहिलं मिळेल ते काम धरावं लागतं, आणि मग ते कामच त्याला धरून ठेवतं. आपल्या दीडशे वर्षांच्या कामाकडे या थांबता येण्याच्या बाजूनं बघितलं पाहिजे. ही ताकद कुणाला मिळाली, कुणी मिळवून दिली, आणि आता ती कशी काढून घेतली जातेय, ते सांगतो.

१

सुरुवात गावापासून. गावकीतल्या महाराचं काम १८७४ च्या वतन कायद्यानं सरकारदरबारी पक्कं झालं. वेशीची राखण, येसकर पाळी, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणं, साऱ्यासाठी माणसं बोलावून आणणं, पाटला-तलाठ्याच्या मागं पळणं, मेलेलं ढोर ओढणं, मयताचा सांगावा घेऊन कोस-कोस चालणं. कामाची वेळ ठरलेली नाही. पगार ठरलेला नाही. मोबदला म्हणून हाडकी-हाडोळ्याचा तुकडा, खळ्यावरचं बलुतं आणि दारोदारची शिळी भाकरी. बावन्न हक्कांची गोष्ट म्हातारी माणसं अभिमानानं सांगायची. त्या बावन्नांत काम नाकारायचा हक्क एकही नव्हता.

१९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. वतनदार महार हा चोवीस तासांचा बांधील नोकर आहे, आणि तो घरी नसला तर त्याच्या घरातल्या कुणालाही, अगदी बाईमाणसालाही, सरकार कामाला जुंपू शकतं, हे त्यांनी तिथं उघडं करून दाखवलं. म्हणजे नेमणूक एकाची आणि राबायचं अख्ख्या घरानं. १९२९ साली ते बिल मागं घ्यावं लागलं. ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. बाबासाहेब तोवर गेले होते.

आता यातली खरी मेख बघा. वतनात हमी होती. अपमानाची होती, पण होती. गाव उपाशी मरू देणार नाही, एवढी ती हमी. म्हणूनच आपलीच माणसं वतनाला चिकटून बसली. जमिनीचा तुकडा भावकीत वाटून वाटून अंगणाएवढा झाला तरी सोडवेना. मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळं-उष्टं सोडा, गावकीची कामं सोडा, शेती करा, नोकऱ्या मिळवा. ऐकणाऱ्यांच्या छात्या फुगल्या असतील. पण रात्री घरी गेल्यावर बायकोनं विचारलं असेल, उद्याची भाकरी कुणाच्या दारातून आणू? हा प्रश्न भेकडपणाचा नव्हता. ज्याला एक दिवससुद्धा थांबता येत नाही त्या माणसाचा तो हिशोब होता.

म्हणून वतनाची व्याख्या मी अशी करतो : निवड नसलेली हमी. ही व्याख्या ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

२

गाव सोडायची पहिली मोठी वाट पलटणीनं दिली. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आपली माणसं भरपूर होती. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई आपल्याला पाठ आहे आणि विजयस्तंभाला आपण दरसाल जातो. पण शौर्याच्या गोष्टीत एक साधी गोष्ट बोलायची राहून जाते. पलटणीत महिन्याच्या महिन्याला रोख पगार होता, नोकरी संपल्यावर पेन्शन होतं, आणि शिपायांच्या पोरांसाठी शाळा होती.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत हेडमास्तर होते. त्यांचं पेन्शन घरात येत होतं म्हणून परळच्या डबक चाळीत राहून भीमराव १९०७ साली मॅट्रिक होऊ शकले. आणि तेवढ्यानंही भागलं नाही. दोन्ही पोरांना शिकवायची ऐपत नव्हती म्हणून थोरल्या आनंदरावांना शाळा सोडून कामाला लागावं लागलं. एका घरात एक भाऊ थांबू शकला, कारण दुसरा थांबला नाही. बाबासाहेबांची बुद्धी कुणी नाकारत नाही. पण त्याच चाळींतून त्याच साली किती हुशार पोरं सरळ गिरणीच्या भोंग्यामागं गेली असतील, ज्यांच्या बापाला पेन्शन नव्हतं?

पुढं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, १९१३ ला बाबासाहेब कोलंबियाला गेले. त्या शिष्यवृत्तीलाही अट होती, परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. १९१७ ला ते हजर झाले. पदवी होती, नोकरी होती, पगार होता. शहरात राहायला खोली मिळेना. पारशी खानावळीत जागा मिळाली तर लोक काठ्या घेऊन आले. तेव्हा नुसत्या नोकरीनं माणूस सुरक्षित होतो असं म्हणणाऱ्यांनी बडोदा विसरू नये.

ही पलटणीची वाटही इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास बंद केली. आता म्हणे फक्त ‘लढवय्या जाती’च फौजेत पाहिजेत. ज्यांच्या जिवावर कोरेगाव मारलं ते एका हुकुमात लढवय्ये राहिले नाहीत! गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ ला याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० ला थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. हे अर्ज आज वाचताना काही मित्रांना ते लाचार वाटतात. मला वाटत नाहीत. पगार, पेन्शन आणि पोरांची शाळा या तीन गोष्टी हातातून जाताना बघून लिहिलेले ते कागद आहेत. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ला पुन्हा महार रेजिमेंट. दार उघडायचं कधी आणि लावायचं कधी, हे पहिल्यापासून दारामागच्या माणसाच्या गरजेवर ठरत आलं.

३

तिसरी वाट गिरणीची. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी मुंबईत ताडदेवला १८५६ साली सुरू झाली. नागपुरात १८७७ ला टाटांची एम्प्रेस मिल निघाली. कोकणातून, देशावरून माणसं निघाली तशी आपलीही निघाली. गावात बलुतं मागावं लागायचं, इथं पगार मोजून हातात पडायचा. हा फरक लहान नाही. पैशाला विटाळ नसतो असं आपल्या लोकांना वाटलं.

पण गिरणीत शिरायचं म्हणजे जॉबरच्या हाताखालून शिरायचं. माणूस भरणारा जॉबर, काढणारा जॉबर, रजा देणारा जॉबर, अडीनडीला उसने देणाराही जॉबर. त्याला दस्तुरी द्यायची. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आधी आणणार. आपली माणसं मग जाऊन पडली त्रासन खात्यात, म्हणजे रिंग खात्यात, आणि झाडलोट, ओझी अशा कामांवर. पगार सगळ्यात चांगला होता लूम खात्यात. तिथं मजुरी कापडाच्या मापावर, हात चालेल तसा पैसा. ते खातं आपल्याला बंद.

का बंद? तर धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून बाहेर काढावं लागे. तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागणार. महाराची थुंकी सवर्ण कामगाराच्या तोंडात जाणार. बाटला की धर्म! मालक तोच, भोंगा तोच, धूळ तीच, खोकला तोच, एका इंचाच्या भोकापाशी मात्र मनुस्मृती येऊन बसली.

आता कुणी म्हणेल, विणायचं कसब नसेल. तर विदर्भातले महार पिढ्यान्‌पिढ्या मागावर जाडंभरडं कापड विणत आले होते. गावच्या अंगावर आमच्या हातचं कापड चालत होतं. तेव्हा आमचा हात सुताला लागलेला चालतो, फक्त चांगल्या पगाराच्या सुताला चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या बायांची गोष्ट तर इतिहासात आणखी कमी सापडते. रिळिंग-वाइंडिंगमध्ये नायकिणीच्या हाताखाली बाया राबायच्या. यंत्रं बदलायला लागली, काटकसरीची टूम निघाली, की पहिली कात्री त्यांच्यावर चालली. बाईचा पगार हा वरकड पगार, असं मालकही म्हणे आणि युनियनचे पुढारीही मनातून म्हणत. तिला ‘काय व्हायचंय’ हे तर आजही कमी विचारतात. ‘कधी उरकायचं’ हे विचारतात.

४

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या संपावर होत्या. लाल बावट्याचं पुढारपण होतं. तेव्हा बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं की अस्पृश्य कामगाराला सगळ्या खात्यांत, लूम खात्यातसुद्धा, काम मिळालं पाहिजे, ही तुमची मागणी करा. नाहीतर मी माझ्या माणसांना संपात उभं राहू नका म्हणून सांगेन. नाइलाजानं का होईना, मागणी यादीत गेली. मालकांनी वर हात केले. हा अन्याय असला तरी तो आम्ही केलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मालक कामगारांकडे बोट दाखवतो, सवर्ण कामगार धर्माकडे बोट दाखवतो, आणि लूम खात्याचं दार जागच्या जागी बंद.

या प्रसंगावरून डावे मित्र अजून नाराज असतात. बाबासाहेबांनी कामगारांची एकी फोडली म्हणतात. मी गिरणी कामगार म्हणून विचारतो, एकी होती कुठं फोडायला? ज्या एकीत एका कामगारानं दुसऱ्याच्या पगाराचं दार अडवून धरलंय, ती एकी कुणाची? आणि जिथं झगडा खरोखर सगळ्यांच्या हक्काचा होता तिथं बाबासाहेब मागं राहिले नाहीत. १९३६ ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि संपाचा हक्क बांधणाऱ्या कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप केला. त्याच साली फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन्ही शत्रू नाव घेऊन सांगितले. तिथं त्यांनी एक बारीक गोष्टही दाखवली. रेल्वेत अस्पृश्य गँगमन होऊ शकतो, पण पोर्टर होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचंही काम करावं लागतं. कामाची निवड कशी अडवली जाते याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसऱ्या पुस्तकात सापडलं नाही.

५

‘बदली’ हा शब्द गिरणगावात म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे. कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी दिवसापुरता घ्यायचा तो बदली. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. नाव पुकारलं तर काम, नाहीतर पाय ओढत खोलीवर. १९३५ ला मालकांच्या संघटनेनं बदली नियंत्रणाची योजना आणली. महिन्याच्या सुरुवातीला ठराविक माणसांना पास द्यायचे, त्यांनी रोज हजेरी लावायची, खाडे भरायला त्यांतलीच माणसं घ्यायची. जॉबरची मनमानी कमी व्हावी म्हणून हे केलं. पण बदली तो बदलीच. तरण्या पोराची उमेदीची वर्षं गेटवर उभं राहण्यात जायची. बदली थांबतो, पण ते थांबणं त्याच्या मर्जीचं नसतं.

या बदलीच्या जगात एकेक वीट रचून हमी उभी राहिली. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. १९४६ ला फॅक्टरीतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४५ ला सरकारी रोजगार कचेऱ्या सुरू झाल्या. आजारपण, बाळंतपण, अपघात यांच्या विम्याचा कायदा १९४८ ला झाला, त्याची तयारी याच काळातली. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२, ग्रॅच्युइटीचा १९७२. दुसऱ्या बाजूनं, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना १९४३ ला आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा, १९४६ ला साडेबारा टक्के. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून. आणि १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग भरायचे.

या तारखा मी रांगेनं मांडल्या, कारण त्या एकमेकींना धरून आहेत. बाप कायम झाला, त्याला फंड लागला, आजारपणात औषध मिळालं, म्हणून घरातल्या एका पोराला अठराव्या वर्षी गेटवर न जाता चार वर्षं कॉलेजात जाता आलं. त्या कॉलेजानं पुढं क्लार्क, मास्तर, बँकेतला माणूस आणि कवी घडवले. १९७२ ला पँथर उभी राहिली तेव्हा शहरातली कितीतरी तरणी पोरं गिरणी, गोदी, रेल्वे, म्युनिसिपालिटी इथं राबणाऱ्या बापांची होती. बापाच्या पिढीची हमी ही पोराच्या पिढीची निवड होते. माझ्या सगळ्या वाचनाचा सांधा हा एवढाच आहे. पोरगं स्वतःच्या हिमतीवर उभं राहिलं असं आपण सत्कारात म्हणतो. त्याच्या पायाखाली बापाची हजेरीची वही असते.

आणि याच काळातला एक उलटा धडाही सांगतो. १९७० च्या दशकात लाड समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी घ्यायची तरतूद झाली. २०२३ ला शासनानं ती नव्यानं पक्की केली. ज्या घरात दुसरा आधार नाही त्यांना ती हवीच आहे, मी तिला नाव ठेवणार नाही. पण बी.ए. झालेलं पोरगं बापाच्या झाडूवर रुजू होतं तेव्हा मला १८७४ चा कायदा आठवतो. पुन्हा तेच, निवड नसलेली हमी. हमी पाहिजे तर जातीच्या कामात ये, असं राज्य म्हणत असेल तर वतन गेलं कुठं?

६

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बोनस आणि पगारवाढ यांच्याबरोबर बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती. हा संप कुणी मागं घेतला असं कधी जाहीर झालं नाही. तो विरत गेला. माणसं गावाला गेली, भाजी विकायला बसली, वॉचमन झाली. लाखाहून जास्त माणसांना पुन्हा गिरणीत जागा मिळाली नाही.

संपाचं गणित शेवटी थांबण्याचंच असतं. कामगार किती दिवस थांबू शकतो आणि मालक किती दिवस. कामगाराकडे गावची शेती असेल तर तो भात आणून थांबतो. आपल्या माणसाकडे गावात होतं काय? महारवाड्यातली एक पडवी. मालकाकडे मात्र जमीन होती. १९९१ च्या नियमानं गिरणीच्या जागेचे वाटे मालक, म्हाडा आणि महापालिका यांच्यात व्हायचे होते. २००१ च्या दुरुस्तीनं वाटणी फक्त मोकळ्या जागेची धरली गेली, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं. जमिनीचा भाव वाढत असताना मालक वीस वर्षंसुद्धा थांबू शकतो. त्याचं थांबणं व्याजासकट परत येतं, आपलं थांबणं उधारीच्या वहीत चढतं.

१९८२ नंतर जी पोरं अठरा वर्षांची झाली त्यांना गेटही उरलं नाही. बापाचा फंड घर चालवण्यात संपला. ज्या घरात एक पिढी कॉलेजात पोचली होती त्याच घरातली पुढची पिढी कुरियरच्या पिशव्या वाहायला लागली. पुढं गेलेलं घर कायमचं पुढं गेलं असं समजायचं कारण नाही, हे गिरणगावानं शिकवलं.

७

आता आजचं. मी सूतगिरणीत रिंग खात्यात उभा राहतो. मुंबईत नाही, मुंबईतल्या चिमण्यांची वर्षं संपली. आमच्यातली बरीच पोरं वीस-बावीसची. रजिस्टरला त्यांचं नाव ‘ट्रेनी’ म्हणून. काम पंधरवड्यात येतं, ट्रेनिंग काही संपत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानं शिकाऊला कामगार धरलं नाही, ही फट मोठी सोयीची झाली. तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत तर गावोगावच्या गरीब, त्यातही पुष्कळ दलित, पोरींना तीन वर्षं होस्टेलात ठेवून कामाला लावलं आणि शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे द्यायचं आमिष दाखवलं. ‘सुमंगली’ असं मंगल नाव दिलं होतं त्याला. मधेच आजारी पडून गेली तर रकमेवर पाणी.

गंमत बघा. नव्या मागांना धोटाच नाही. रेपियर आणि एअरजेटवर सूत यंत्रच फेकतं, कुणाचं तोंड कुठं लागत नाही. ज्या भोकासाठी बापजाद्यांना बाहेर ठेवलं ते भोकच राहिलं नाही. आता लूम खात्यात आमची पोरं आहेत. फक्त ती कायम नाहीत. दार उघडलं तेव्हा आतली खुर्ची उचलून नेलेली होती.

पलटणीचंही तसंच. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षं नोकरी, शंभरातले पंचवीस पुढं ठेवणार, बाकीच्यांना अकरा-बारा लाखांची एकरक्कम. पेन्शन नाही. माळावर पहाटे धावणाऱ्या आपल्या पोरांना मी नावं ठेवत नाही. मीसुद्धा त्यांच्याबरोबर धावलोय. पण ज्या पेन्शननं एका सुभेदाराच्या पोराला मॅट्रिकपर्यंत नेलं, तेच या नोकरीतून काढून घेतलंय, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

सरकारी नोकरीचं बघा. सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं खाजगी एजन्स्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला; पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरात तो मागं घ्यावा लागला. एजन्सीच्या दारात बिंदुनामावली कोण तपासणार होतं? आणि ॲपवरच्या कामाचं काय विचारता! निती आयोगानं २०२२ ला सांगितलं की २०२०-२१ साली देशात असे ७७ लाख कामगार होते. हे काम ‘स्वातंत्र्याचं’ म्हणून विकलं जातं. पाहिजे तेव्हा चालू कर, पाहिजे तेव्हा बंद कर. वतन ही निवड नसलेली हमी होती. ही हमी नसलेली निवड. आणि हमी नसली की निवड फक्त बोलण्यात राहते. बंद करायचं बटण आहे, पण बंद केल्यावर खायचं काय?

नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. ठराविक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क त्यात लिहिलाय. चांगलं आहे. पण लिहिलेला हक्क आपोआप ताटात पडत नाही, हे आपल्याला १९२८ पासून ठाऊक आहे. मागणी यादीत होती, खातं बंदच होतं.

म्हणून मित्रांनो, काही साध्या गोष्टी. ट्रेनी असा, कंत्राटी असा, पगाराची पावती मागा. फंड कापतात तर तो भरतात का ते दर महिन्याला बघा. हजेरीचे दिवस स्वतःच्या वहीत लिहा. आपल्या बापांच्या ग्रॅच्युइट्या २४० दिवसांच्या भांडणात अडकल्या होत्या. तीन-चार घरांनी मिळून महिन्याला थोडे पैसे बाजूला काढा, म्हणजे एखादं पोरगं सहा महिने अभ्यासाला थांबू शकेल, एखादी पोरगी लग्नाच्या घाईला नाही म्हणू शकेल. जयंतीच्या डीजेच्या वर्गणीतला चौथा हिस्सा काढला तरी जमेल. आणि युनियन करा. त्या युनियनमध्ये जातीचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा, संप सुरू झाल्यावर नको.

आणि सत्काराला येणाऱ्या पुढाऱ्यांनो, पोराला ‘काय व्हायचंय’ हे जरूर विचारा. पण त्याच्या आधी त्याच्या बापाला विचारा, ‘तुझं पोरगं किती दिवस थांबू शकतं?’ बाप जो आकडा सांगेल तो वाढवायचं राजकारण करा. बाकी भाषणं आम्हाला पाठ आहेत.

जय भीम.